बाईंची यादी आणि कोपऱ्यातला संगणक

वसईतल्या ज्या छोट्या सार्वजनिक वाचनालयात मी गेली तीस वर्षे जातो, तिथे सुमारे नऊ हजार पुस्तके आहेत. ती कुठे आहेत हे सांगणारी एकच व्यक्ती होती, आमच्या ग्रंथपाल बाई. कपाटांवर क्रमांक होते, पण कपाटे दोनदा हलवली गेली आणि क्रमांक तसेच राहिले. लाकडी खणांतली कार्डे होती, पण जुलै २०१८ च्या पावसात वसई-विरार पाण्याखाली गेले तेव्हा तळमजल्यावरचे खालचे तीन खण भिजले. 'क'पासून 'ज'पर्यंतच्या लेखकांचा लगदा झाला. त्यानंतर वाचक सरळ बाईंना विचारत आणि बाई जागेवरून न उठता सांगत, "तिसरं कपाट, वरून दुसरा कप्पा, निळी पाठ आहे बघा."

दोन वर्षांपूर्वी बाईंच्या निवृत्तीची तारीख ठरली, तेव्हा सगळ्यांना जाणवले की त्या गेल्या की यादीही जाणार. कार्यकारिणीच्या बैठकीत एका सभासदाने पडद्याला बोट लावून चालणारे यंत्र घ्यायची सूचना मांडली. दरपत्रक आले, रक्कम पाहून विषय बारगळला. माळ्यावर २००९ सालचा एक संगणक पडून होता. मी म्हटले, तो मला द्या.

मी संगणकशास्त्राचा पदवीधर नाही. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांच्या देखभालीत माझी बावीस वर्षे गेली. लिनक्स मी पुस्तके वाचून, चुका करून आणि तीनदा स्वतःच्याच फाइली पुसून शिकलो. या लेखात जुन्या संगणकाचा किऑस्क कसा होतो ते मी क्रमाने सांगणार आहे. असे किऑस्क बंद का पडतात हेही सांगणार आहे, कारण माझाही एकदा बंद पडला आणि त्याचे कारण यंत्रात नव्हते.

भिंतीतला संगणक आणि उसाची पावती

'किऑस्क' हा शब्द तुर्की 'क्यॉश्क'वरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. मूळ अर्थ बागेतला छोटा मंडप. पुढे तो वर्तमानपत्रांच्या आणि फुलांच्या टपरीला लागला. संगणकाच्या बाबतीतही 'टपरी' हा अर्थ चपखल बसतो. टपरीवर एकाच प्रकारचा माल मिळतो, कुणीही येऊन उभा राहतो, काम झाले की निघून जातो आणि पुढच्या गिऱ्हाइकाला आधीच्याचे काही दिसत नाही. किऑस्क म्हणजे असे एकच काम करणारा, कुणालाही वापरता येणारा आणि प्रत्येक वापरानंतर पूर्वपदावर येणारा संगणक.

आपल्याकडे याचे सर्वांत गाजलेले उदाहरण २६ जानेवारी १९९९ चे. दिल्लीच्या कालकाजी भागात डॉ. सुगत मित्रा यांनी आपल्या संस्थेच्या भिंतीला भोक पाडून त्यात संगणक बसवला. पलीकडच्या वस्तीतली मुले कुणी न शिकवता तो वापरू लागली. पुढे असे संगणक देशात अनेक ठिकाणी बसवले गेले, आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातही. मुले आपापली शिकतात, या निष्कर्षाची जगभर चर्चा झाली. मात्र काही वर्षांनी पायल अरोरा या अभ्यासक उत्तराखंडात अल्मोडा आणि हवालबाग इथली अशी ठिकाणे पाहायला गेल्या, तेव्हा भिंती होत्या आणि संगणक नव्हते. त्यांचा लेख २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. यंत्र चालू असताना मुले शिकली, यावर वाद घालता येईल. पण ते बंद पडल्यावर दुरुस्त कुणी करायचे, हा प्रश्न भिंतीइतकाच ठोस होता.

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे आणि माझ्या मते जास्त शिकवणारे. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणेच्या सहकारी पसाऱ्यात १९९८ साली 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प आला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांत संगणक केंद्रे उघडायची, शेतकऱ्याला बाजारभाव, शेतीचा सल्ला, सरकारी माहिती आणि इंटरनेट गावातच द्यायचे, अशी योजना होती. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधन शाखेतले अभ्यासक तिथे गेले. केंद्रे चालू होती, पण त्यांतून होणारे खरे काम उसाच्या हिशेबाचे होते : लागवडीची नोंद, तोडणीची परवानगी, खताची खरेदी, वजनाची पावती. बाकीचे स्वप्न फारसे कुणी वापरत नव्हते. अभ्यासकांनी सात गावांत आठ महिने प्रयोग केला. संगणकाच्या जागी मोबाइलवरचे लघुसंदेश आणले. संगणकावर होणारी सगळी कामे त्यावर झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांनाही ते जास्त सोयीचे वाटले.

वारणेच्या या अनुभवातून संगणक निरुपयोगी ठरला, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. लोक कशासाठी येतात हे आधी पाहावे आणि तेवढेच नीट द्यावे, एवढा धडा मी त्यातून घेतला. म्हणून संगणकाचा स्क्रू उघडण्याआधी चार शनिवार मी वाचनालयात वही घेऊन बसलो आणि बाईंना कोण काय विचारतो ते लिहून काढले. बहुतेक प्रश्न दोनच होते : हे पुस्तक आहे का आणि कुठे आहे? इंटरनेट कुणीही मागितले नाही, ते प्रत्येकाच्या खिशात होते. ठरले. आमच्या किऑस्कला एकच काम, पुस्तक शोधून कपाट सांगणे.

खारी हवा आणि खोडरबर

जुना संगणक हातात आला की आधी चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, प्रोसेसर ३२ बिटचा की ६४ बिटचा. हा फरक आता निर्णायक आहे. गूगलने लिनक्सच्या ३२ बिट आवृत्तीसाठी क्रोम देणे २०१६ मध्येच थांबवले. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये जुन्या ३२ बिट यंत्रावर नव्याने बसवण्याची सोयच उरली नाही. सुदैवाने २००६ पासून आलेले कोअर टू डुओ आणि त्यानंतरचे बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर ६४ बिटचे आहेत. त्यावर विंडोजची ३२ बिट आवृत्ती घातलेली असली तरी प्रोसेसर ६४ बिटचा असू शकतो. आमचा तसाच होता.

दुसरी, स्मृती म्हणजे रॅम. आमच्या यंत्रात एक जीबी होती. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, जुन्या डीडीआर-२ प्रकारच्या पट्ट्या अजून मिळतात. दोन पट्ट्या आणून दोन जीबी केली. किऑस्कला तेवढी पुरते.

तिसरी, हार्ड डिस्क. फिरणारी जुनी डिस्क काढून सर्वांत लहान एसएसडी लावावी. सगळ्या खर्चात हाच पैसा सर्वांत जास्त वसूल होतो. यंत्र चालू होऊन पडदा दिसायला आधी दोन मिनिटे लागत, आता अर्ध्या मिनिटाच्या आत काम होते.

चौथी गोष्ट वसईची आहे. आपल्याकडची हवा खारी आणि पावसाळ्यात ओली. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात काळवंडतात, यंत्र नुसते पीं-पीं करते आणि लोक ते मेले समजून भंगारात देतात. पट्टी काढून तिचे दात साध्या पांढऱ्या खोडरबराने हलके घासावेत, कोरड्या ब्रशने झटकावेत आणि पट्टी परत लावावी. दहातली चार 'मेलेली' यंत्रे मी एवढ्यावर उठवली आहेत. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावावी, पंख्यातली धूळ काढावी, बोर्डावरच्या नळकांडी कपॅसिटरांची डोकी फुगलेली नाहीत ना ते पाहावे. फुगलेली असतील तर ते बदलून घ्यावेत किंवा यंत्राचा नाद सोडावा.

हे आत्ता सांगण्याचे एक कारण आहे. विंडोज १० ला मिळणारी नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, पुढचे एक वर्ष तात्पुरत्या मुदतवाढीचे. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासूनच चालते आणि त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते. म्हणजे कार्यालयांतून, शाळांतून आणि घरांतून आता जी यंत्रे 'जुनी' म्हणून बाहेर पडतील, ती आमच्या २००९ च्या यंत्रापेक्षा कितीतरी सशक्त असतील. भंगारवाल्याकडे जाण्याआधी त्यांतले एक-एक यंत्र एखाद्या वाचनालयाला मिळू शकते.

हलके म्हणजे काय

लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९१ मध्ये लिनक्सची पहिली वर्दी दिली, तेव्हा त्याच्याकडे इंटेल ३८६ जातीचे यंत्र होते. त्या ३८६ चा आधार लिनक्सच्या कर्नलने २०१३ मध्ये काढून टाकला. लिनक्स जुने सगळे कायम सांभाळते हा समज त्यामुळे पुरता खरा नाही. पण ते सोडायला वेळ घेते आणि त्याचे भाग आपल्याला सुटे करून घेता येतात, हे खरे.

हलक्या लिनक्सचे अनेक प्रकार आहेत. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कौलर यांनी २००३ मध्ये सुरू केलेले पपी लिनक्स पूर्ण रॅममध्ये चढते आणि डिस्कशिवायही चालते. टायनी कोअर तर इतके लहान की एखादे मोठे छायाचित्रही त्याहून जड असावे. अँटिएक्स जुन्या यंत्रांसाठीच घडवलेले आहे. सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने डेबियनवर आधारलेले 'बॉस' काढले, त्यात भारतीय भाषांची सोय आहे. खास किऑस्कसाठीच बांधलेले पोर्टियसही आहे.

मी साधे डेबियन घेतले, फक्त डेस्कटॉप वगळून. कारण तांत्रिक कमी आणि व्यवहाराचे जास्त आहे. उद्या मी नसेन तेव्हा हे यंत्र दुरुस्त करायला जो येईल, त्याला डेबियन ठाऊक असण्याची शक्यता सर्वांत जास्त.

इथे एक गैरसमज दूर करतो. लोक हलके लिनक्स घालतात, त्यावर नेहमीचा ब्राउझर उघडतात, एखादी जाहिरातींनी भरलेली बातम्यांची साइट लावतात आणि यंत्र अडखळले की लिनक्सला नावे ठेवतात. माझ्या यंत्रावर डेस्कटॉप नसलेले डेबियन, चित्र दाखवणारा एक्स सर्व्हर आणि ओपनबॉक्स हा खिडक्या सांभाळणारा छोटा प्रोग्राम, एवढे मिळून दीडशे एमबीच्या आसपास जागा घेतात. ब्राउझरमधले एकच जड पान त्याच्या तिप्पट घेऊ शकते. म्हणून हलकेपणा पानातही हवा.

आमचे पान किती हलके असेल याचा हिशेब सोपा आहे. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट घेते. पुस्तकाचे नाव, लेखक, कपाट, कप्पा मिळून सरासरी ६० चिन्हे धरली, तर एका पुस्तकाला १८० बाइट लागतात. नऊ हजार पुस्तकांना १६ लाख २० हजार बाइट, म्हणजे दीड-पावणेदोन एमबी. मोबाइलवर काढलेला एक फोटो याहून मोठा असतो. अख्खे वाचनालय एका पानात मावते, तर सर्व्हर नको, डेटाबेस नको, इंटरनेटची तारही नको. यादी यंत्रातच ठेवली आणि शोधण्याचा छोटा प्रोग्राम त्याच पानात लिहिला.

विसरणारे यंत्र

बांधणीचा क्रम असा.

डेबियन बसवताना शेवटी कोणता डेस्कटॉप हवा असे विचारले जाते. तिथल्या सगळ्या खुणा काढाव्यात, फक्त मूलभूत साधने ठेवावीत. मग एक्स सर्व्हर, ओपनबॉक्स, फायरफॉक्सची दीर्घ मुदतीची आवृत्ती आणि देवनागरी टंक एवढेच वेगळे बसवावेत. 'वाचक' नावाचा अधिकार नसलेला वापरकर्ता तयार करावा आणि यंत्र चालू होताच तोच आपोआप आत येईल अशी व्यवस्था करावी. त्याच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये तीन कामे लिहावीत : पडदा आपोआप काळा होऊ नये, ओपनबॉक्स चालू व्हावा, आणि फायरफॉक्स किऑस्क पद्धतीने, म्हणजे पडदाभर आणि वर पट्टी न दाखवता, आपल्या पानावर उघडावा. ही पद्धत फायरफॉक्समध्ये डिसेंबर २०१९ च्या ७१ व्या आवृत्तीपासून आहे. ही ओळ अशा फेऱ्यात घालावी की ब्राउझर बंद पडला तर दोन सेकंदांत पुन्हा उघडेल.

मग निसटण्याच्या वाटा बुजवायच्या. ओपनबॉक्समध्ये उजवी कळ दाबली की यादी येते, ती रिकामी करावी. खिडकी बंद करण्याच्या, एका कामावरून दुसऱ्यावर जाण्याच्या कळजोड्या काढाव्यात. एक्सच्या मांडणीत काळ्या टर्मिनलवर जाण्याची वाट बंद करावी. फायरफॉक्सला धोरणांची एक फाइल देता येते, तीत आपल्या पानाखेरीज सर्व पत्ते नाकारावेत. यूएसबीतून फाइली वाचणारा कर्नलचा भाग बंद ठेवावा. बायोसला पासवर्ड द्यावा. आम्ही आणखी एक सोपे केले : कीबोर्डच काढून टाकला. पानावर मोठी मराठी अक्षरे मांडली, उंदराने टिचकी मारायची. पुढे याच हुशारीने मला गोत्यात आणले, ते नंतर सांगतो.

सर्वांत महत्त्वाची पायरी म्हणजे यंत्राला विसरायला लावणे. लिनक्समध्ये 'ओव्हरले' नावाची सोय आहे. डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडी ठेवतात आणि वर रॅमचा एक पारदर्शक थर पसरतात. लिहिले जाणारे सगळे त्या थरावर उमटते आणि वीज गेली की पुसले जाते. याचे दोन फायदे. भर पावसाळ्यात वीज गेली तरी अर्धवट लिहिलेल्या फाइलीमुळे यंत्र रुसत नाही. आणि कुणी काय केले याचा माग उरत नाही.

हा दुसरा फायदा मी एका अर्ज भरण्याच्या केंद्रात शिकलो. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मला तिथल्या मोकळ्या संगणकावर बसवले. मी फाइल जोडायला गेलो तर समोर आधीच्या कितीतरी जणांची आधार कार्डे, बँकेची पासबुके, एका बाईंच्या नवऱ्याचा मृत्यूचा दाखला. कुणी चोरलेले नव्हते, नुसते राहून गेले होते. केंद्र चालवणाऱ्या मुलाला दाखवले तर तो ओशाळून म्हणाला, "काका, रोज कोण पुसणार?" त्याचे बरोबरच होते. रोज कुणी पुसायला लागेल अशी व्यवस्थाच चुकीची. पुसणे आपोआप व्हायला हवे. वाचनालयात तसे कागद येत नाहीत, पण कोण कोणते पुस्तक शोधतो हेसुद्धा त्याचे खासगीच असते. म्हणून तीन मिनिटे कुणी हात लावला नाही की आमचा ब्राउझर बंद होतो आणि कोऱ्या पानाने उघडतो.

'बसीन' लिहिले तरी वसई सापडावी

सर्वांत जास्त वेळ मराठीने घेतला, आणि तो घ्यायलाच हवा होता.

भिजण्याआधी कुणीतरी सुमारे चार हजार पुस्तकांची यादी संगणकावर टंकली होती. फाइल मिळाली, उघडली तर इंग्रजी अक्षरांची भेळ. यादी श्रीलिपीच्या जुन्या टंकात होती. त्या काळातले टंक युनिकोड नव्हते. आत साठवलेली अक्षरे रोमनच, फक्त त्यांवर देवनागरीचा मुखवटा. टंक गेला की मुखवटा गेला. रूपांतराची साधने मिळतात, पण ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे हमखास घसरतात. चार हजार ओळी मी आणि बाईंनी समोरासमोर बसून तपासल्या. उरलेली पाच हजार पुस्तके त्या कपाटापुढे उभ्या राहून सांगत गेल्या आणि मी टंकत गेलो. पाच महिने, आठवड्यातून तीन संध्याकाळी. या प्रकल्पातले खरे संशोधन हेच होते आणि ते माझे नव्हते.

मग शोध. संगणकाला दिसणे कळत नाही, क्रमांक कळतात. 'दऱ्या' या शब्दातला चंद्रकोरीसारखा र दोन-तीन वेगवेगळ्या पद्धतींनी टंकता येतो. डोळ्यांना ते एकच, यंत्राला वेगळे. 'ॲ' हे स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले, त्याआधीचे टंकलेखक अ आणि चंद्र वेगळे जोडत. यादीत दोन्ही सापडले. त्यात वाचक ऱ्हस्व-दीर्घ कसे लिहील सांगता येत नाही. म्हणून शोधण्याआधी प्रोग्राम दोन्ही बाजूंचे शब्द एका साच्यात आणतो : इ-ई एक, उ-ऊ एक, न-ण एक, श-ष एक, अनुस्वार गाळायचा. दाखवताना मात्र शुद्ध रूपच दाखवायचे.

वसईची स्वतःची एक अडचण होती. इतिहासाच्या कपाटात गावाची नावे अनेक. पोर्तुगीज 'बासाइं', त्यावरून इंग्रजांचे 'बसीन', १७३९ च्या विजयानंतर मराठ्यांनी दिलेले 'बाजीपूर'. जर्सन द कुन्हा यांच्या १८७६ मधल्या इंग्रजी ग्रंथाच्या शीर्षकात चौल आणि बसीन आहे, वसई नाही. शाळेच्या प्रकल्पासाठी येणारी मुलगी 'वसई' एवढेच शोधणार. तेव्हा समानार्थी नावांची छोटी यादी जोडली. तीही बाईंनीच सांगितली.

राहिले दिसणे. मराठीचा श आणि ल हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचा. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वर्णमालेची ही रूपे ठरवून दिलेली आहेत. लिनक्समध्ये 'लोहित' आणि 'नोटो' हे मोफत टंक मिळतात. पानाची भाषा मराठी असल्याची खूण आत लिहिली, तर टंकात असलेली मराठी वळणे दिसतात. ही एक ओळ लिहायची राहते म्हणून कितीतरी मराठी पाने हिंदी वळणाने दिसतात. हे सगळे आज फुकट मिळते, पण आपोआप झालेले नाही. २००० च्या सुमारास मुंबईत सुरू झालेला 'इंडलिनक्स' प्रकल्प, आणि पुढे ठिकठिकाणी बसून एकेक संदेश मराठीत आणणारे भाषांतरकार, यांची ती मेहनत आहे.

एफ-वन दाबा

किऑस्क चालू झाला. पहिला महिना छान गेला. मग मी लेकीकडे नाशिकला पंधरा दिवस गेलो. परत आलो तर पडद्यावर टॉवेल टाकलेला, वर पाट्यांचा गठ्ठा.

काय झाले होते? बोर्डावर घड्याळासाठी रुपयाएवढा एक सेल असतो, सीआर-२०३२ नावाचा. पंधरा वर्षांपूर्वीचा तो सेल संपला. सेल संपला की बायोस आपल्या सगळ्या सूचना विसरते. 'कीबोर्ड नसला तरी थांबू नकोस' आणि 'वीज आली की आपोआप चालू हो', या मी दिलेल्या दोन्ही सूचना गेल्या. सकाळी शिपायाने बटण दाबले, पडद्यावर इंग्रजीत वाक्य आले : पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा. दाबणार कशावर? कीबोर्ड मी घरी नेऊन ठेवला होता. पासवर्ड माझ्या डोक्यात. मला फोन करण्याचा विचार त्यांनी केला, पण सरांना कशाला त्रास, म्हणून ठेवून दिला. पन्नास रुपयांच्या आतल्या सेलसाठी बारा दिवस किऑस्क मेलेला होता. वाचक पुन्हा बाईंना विचारू लागले होते, आणि बाईंच्या निवृत्तीला सहा आठवडे उरले होते.

सेल बदलायला दोन मिनिटे लागली. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. बाईंच्या डोक्यातली यादी बाहेर काढण्यासाठी मी वर्षभर झटलो आणि तिच्या जागी माझ्या डोक्यातला संगणक आणून ठेवला होता. एका माणसावरचे अवलंबित्व काढून दुसऱ्या माणसावर टाकले, एवढेच. अल्मोड्याच्या भिंतीतून संगणक का गेले असतील, ते त्या दिवशी मला खरे कळले.

नंतर केलेल्या गोष्टींत तंत्र फार थोडे आहे. कीबोर्ड वाचनालयाच्याच खणात ठेवला. शंभर पानी वहीत दोन पाने मराठीत लिहिली : पडदा काळा असेल तर काय पाहायचे, इंग्रजी वाक्य आले तर काय करायचे, सेल कुठे आणि कोणता. पासवर्ड बंद पाकिटात, अध्यक्षांच्या कपाटात. तयार डिस्कची हुबेहूब नक्कल दुसऱ्या एसएसडीवर काढून ठेवली. एक मेली तर दुसरी लावायची, दोन स्क्रू. आणि नवी पुस्तके जोडण्यासाठी साध्या तक्त्याची फाइल. कार्यालयातल्या संगणकावर ओळ वाढवायची, महिन्यातून एकदा माझी किंवा वाचनालयात येणाऱ्या दोन महाविद्यालयीन मुलांपैकी कुणाची तरी खेप. वही बरोबर आहे का हे तपासण्यासाठी मी मुद्दाम सेल काढला आणि शिपायाला सांगितले, "भाऊ, चालू करून दाखवा." त्याने वही उघडून अकरा मिनिटांत चालू केला.

खर्चाची दुसरी बाजूही सांगायला हवी. जुने यंत्र फुकट मिळते, पण वीज फुकट नसते. आमचा डबा आणि पडदा मिळून मीटरवर सुमारे ८५ वॅट दिसले. रोज सात तास, महिन्याला २६ दिवस धरले तर साडेपंधरा युनिट होतात. त्याऐवजी पडदा शाबूत असलेला जुना लॅपटॉप घेतला तर २५ वॅटमध्ये भागते, म्हणजे साडेचार युनिट. वर वीज गेल्यावर बॅटरी थोडा वेळ तरी सांभाळते. आज पुन्हा करायचे झाले तर मी लॅपटॉपच निवडेन. जुने यंत्र वाचवणे चांगले, पण म्हणून प्रत्येकच जुने यंत्र वाचवण्यासारखे नसते.

बाई मार्चअखेर निवृत्त झाल्या. जूनमध्ये एकदा त्या सहज आल्या, वाचक म्हणून. नव्या ग्रंथपाल मुलीने खुर्ची पुढे केली, त्या बसल्या नाहीत. कोपऱ्यातल्या पडद्यापुढे उभ्या राहून त्यांनी एकेक अक्षर टिचकवले आणि पडद्यावर आले : कपाट तीन, कप्पा दोन. त्या तिथे गेल्या, पुस्तक काढले आणि म्हणाल्या, "निळी पाठ आहे, ते नाही लिहिलंत तुम्ही." आता तक्त्यात एक नवा रकाना आहे, पाठीचा रंग. निम्मी कपाटे भरून झाली आहेत. रंग बाई सांगतात, टंकतो तो शिपाई.